पापुद्र्यांचा चुंबक

‘चुंबक’ हा शब्द आम्ही कला शाखेची मंडळी फार सढळ हाताने वापरतो. पुढाऱ्याचे व्यक्तिमत्त्व चुंबकीय असते, नटीचे डोळे चुंबकीय असतात आणि वक्तृत्व स्पर्धेत पहिला आलेल्याचा आवाज तर हमखास चुंबकीय असतो. सारांश, चुंबक म्हणजे खेचून घेणारी वस्तू, एवढाच अर्थ आपण मनाशी धरला आहे. पण खेचणे हा झाला परिणाम. एखादा पदार्थ चुंबक होतो कशामुळे, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचे उत्तर मला तरी एखाद्या चांगल्या कादंबरीइतके रंजक वाटले. ते उत्तर या लेखात मी एका अशा पदार्थाच्या आधाराने सांगणार आहे की ज्याचे नाव बहुतेक वाचकांनी ऐकलेले नसेल. त्याला म्हणतात थरांचे धातू-फॉस्फॉनेट.

नाव वाचून कोणी पान उलटू नये. मीही दहावीनंतर रसायनशास्त्राला रामराम ठोकलेली विद्यार्थिनी आहे. या विषयाशी माझी गाठ पडली ती ताईमुळे. माझी थोरली बहीण गेली चार वर्षे याच पदार्थांवर संशोधन करीत आहे. मुलुंडहून सकाळी डबा घेऊन बाहेर पडते ती रात्रीच घरी येते. तिच्याकडे एका लहानशा कुपीत फिकट गुलाबी, जवळजवळ पांढरीच म्हणावी अशी भुकटी असते. आईने एकदा ती उजेडात धरून पाहिली आणि विचारले, “अगं, हा तुझा चुंबक टाचणी तरी उचलतो का?” ताईने प्रामाणिकपणे सांगितले, “नाही गं आई. आणि उणे अडीचशे अंशांच्या वर तर तो चुंबकच नसतो.”

तेव्हा आम्ही सारे हसलो. पण शिष्यवृत्तीची मुदत पाच वर्षांची, त्यातली चार सरली. तिच्या बरोबरीच्या मैत्रिणी केव्हाच नोकरीला लागल्या. त्यामुळे ‘याचा उपयोग काय?’ हा प्रश्न आमच्या घरात आता थट्टेचा राहिलेला नाही. ताईला विचारून, तिने दिलेली पुस्तके अडखळत वाचून मला जे उमगले, ते माझ्यासारख्याच वाचकांसाठी येथे मांडते.

स्फुरदाची तिवई

फॉस्फरसला मराठीत स्फुरद म्हणतात. शेतकऱ्याला हा शब्द खताच्या पोत्यावरून ठाऊक असतो. निसर्गात स्फुरद बहुधा फॉस्फेटच्या रूपात सापडतो. मध्ये स्फुरदाचा एक अणू आणि त्याच्या चार बाजूंना ऑक्सिजनचे चार अणू, अशी ती रचना असते. आपली हाडे आणि दात मुख्यतः कॅल्शियमच्या फॉस्फेटचेच बनलेले आहेत.

आता या चार ऑक्सिजनांपैकी एक काढून त्या जागी कार्बनचा अणू बसवला, की फॉस्फॉनेट तयार होते. डोळ्यांसमोर एक तिवई आणा. तिचे तीन पाय म्हणजे ऑक्सिजनचे तीन अणू. तिच्या बैठकीवर उभी केलेली दांडी म्हणजे कार्बनची साखळी. तीन पायांना धातूची विलक्षण ओढ असते, तर दांडी धातूला मुळीच दाद देत नाही. साऱ्या प्रकरणाचे मर्म या दुटप्पी स्वभावात आहे.

ही ओढ आपल्या रोजच्या व्यवहारातही कामाला येते. बॉयलरच्या नळ्यांत कॅल्शियमचे किटण साचू नये म्हणून पाण्यात जी द्रव्ये घालतात, त्यांत फॉस्फॉनेटांचा मोठा वाटा आहे. किटणाचा स्फटिक वाढू लागला की ती त्याच्या कॅल्शियमला जाऊन चिकटतात आणि त्याची वाढ खुंटवतात. म्हातारपणी हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून डॉक्टर ॲलेन्ड्रोनेटची गोळी देतात. तिच्यात एकाच कार्बनला स्फुरदाचे असे दोन गट जोडलेले असतात, आणि तीही हाडातल्या कॅल्शियमलाच धरून बसते. आमच्या उपनगरांना तर ही रसायने परकी नाहीत. जोगेश्वरीच्या स्वामी विवेकानंद मार्गावर कचेरी असलेली एक्सेल इंडस्ट्रीज ही १९४१ साली सुरू झालेली कंपनी स्फुरदाच्या रसायनांसाठीच ओळखली जाते. कार्बन आणि स्फुरद यांचा थेट सांधा ही केवळ कारखान्याची करामत आहे असेही नाही. १९५९ साली जपानी शास्त्रज्ञांना मेंढीच्या पोटातल्या सूक्ष्म जीवांत असे नैसर्गिक द्रव्य सापडले होते.

थर पडतात कसे?

मँगनीजचा क्षार आणि फॉस्फॉनिक आम्ल पाण्यात एकत्र केले, आम्लता बेताची ठेवली आणि मिश्रण गरम केले, की तळाशी बारीक स्फटिकांचा साका बसतो. मोठे स्फटिक हवे असतील तर आतून टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या, घट्ट झाकणाच्या पोलादी भांड्यात तेच मिश्रण दीडशे-दोनशे अंशांवर काही दिवस ठेवतात. तत्त्व आपल्या प्रेशर कुकरचेच, फक्त शिट्टी नाही.

या स्फटिकात काय घडते ते पाहा. मँगनीजच्या प्रत्येक अणूला भोवती सहा ऑक्सिजन लागतात. त्यांपैकी पाच तिवयांच्या पायांचे असतात आणि सहावा पाण्याच्या रेणूचा. एका तिवईचे पाय एकाहून अधिक मँगनीजांना धरतात आणि एका मँगनीजभोवती अनेक तिवयांचे पाय येतात. अशी वीण घालत घालत एक सपाट चटई तयार होते. ती आडवी कितीही पसरते, पण उभी वाढू शकत नाही. कारण तिच्या वरच्या आणि खालच्या अंगाला कार्बनच्या दांड्या बाहेर आलेल्या असतात, आणि दांडीला धातू नको असतो. म्हणजे थर पडावेत अशी वेगळी तजवीज कोणी केलेली नसते. तिवईच्या एका टोकाने नकार दिला, एवढ्यानेच थर पडतात.

घरी चिरोटे करताना पाहिले असतील त्यांना हे लगेच समजेल. पोळीला साटा लावायचा, त्यावर दुसरी पोळी, पुन्हा साटा, पुन्हा पोळी. तळताना पापुद्रे सुटतात ते मधल्या साट्यामुळे. येथे धातू आणि ऑक्सिजन यांची चटई म्हणजे पोळी, आणि कार्बनच्या साखळ्या म्हणजे साटा. या साखळ्यांचा स्वभावही तेलकटच आहे. वरच्या चटईच्या साखळ्या खालच्या चटईच्या साखळ्यांना नुसत्या टेकलेल्या असतात, बांधलेल्या नसतात. म्हणून हे स्फटिक अभ्रकासारखे पापुद्र्यापापुद्र्यांनी सुटतात.

साट्याची जाडी आपल्याला हवी तशी ठेवता येते, ही यातली सर्वांत मोलाची गोष्ट. दांडीत कार्बनचा एकच अणू ठेवला तर मँगनीजच्या दोन थरांमधले अंतर सुमारे ९ अँगस्ट्रॉम असते. एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. कार्बनच्या सहा अणूंचे कडे असलेली दांडी लावली की हेच अंतर १४ अँगस्ट्रॉमच्या पुढे जाते. अठरा कार्बनांची लांब साखळी लावली तर ते कितीतरी वाढते. आणि एवढे करूनही चटईची वीण जवळजवळ जशीच्या तशी राहते. इमारतीचे मजले हवे तितके उंच करावेत, पण प्रत्येक मजल्यावरच्या खोल्यांची मांडणी बदलू नये, तसा हा प्रकार. अमेरिकेत अब्राहम क्लिअरफील्ड यांनी १९६४ साली झिर्कोनियमचे थरांचे फॉस्फेट स्फटिकरूपात मिळवले. इटलीतील पेरुजा येथे जुलिओ आल्बेर्ती यांनी १९७८ साली त्याच धर्तीवर झिर्कोनियमची फॉस्फॉनेटे तयार केली. झिर्कोनियमला चुंबकत्व नाही. त्या जागी मँगनीज किंवा लोह आले आणि आमच्या गोष्टीला खरी सुरुवात झाली.

शेजारधर्म

प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वतःच एक अतिसूक्ष्म चुंबक असतो. बहुतेक पदार्थांत इलेक्ट्रॉन जोडीजोडीने राहतात. जोडीतल्या दोघांची तोंडे विरुद्ध दिशांना असतात आणि दोघांचे चुंबकत्व एकमेकांत जिरून जाते. साखर, मीठ, कागद यांना चुंबकत्व नसते ते यामुळे. मँगनीजच्या अणूत मात्र पाच इलेक्ट्रॉन सडे राहतात. एकाच मजल्यावरच्या पाच खोल्यांत पाच बिऱ्हाडकरू, आणि पाचही जण एकाच दिशेला तोंड करून बसलेले. त्यामुळे मँगनीजचा एकेक अणू हा बऱ्यापैकी जोरकस असा सूक्ष्म चुंबक ठरतो.

मग मँगनीजची प्रत्येक भुकटी चुंबक का नसते? कारण सारे अवलंबून आहे ते शेजाऱ्यांवर. अणू शेजाऱ्यांशी कसे वागतात याच्या चार तऱ्हा आहेत, आणि त्यांतल्या दोन तरी आपल्या अगदी ओळखीच्या आहेत.

पहिली तऱ्हा लोखंडाची. तिथे शेजारीशेजारी एकाच दिशेला तोंड करतात. म्हणून लोखंडाचा चुंबक जोरदार असतो.

दुसऱ्या तऱ्हेत प्रत्येक जण शेजाऱ्याच्या नेमका विरुद्ध दिशेला पाहतो. आत शिस्त कडक असते, पण एकूण बेरीज शून्य येते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की इथे काहीच नाही. या तऱ्हेला प्रतिलोहचुंबकत्व असे भारदस्त नाव आहे. फ्रान्सचे लुई नेएल यांनी ती ओळखली, आणि चुंबकत्वावरील कामासाठी त्यांना १९७० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तिसऱ्या तऱ्हेत शेजारी विरुद्धच असतात, पण दोन्ही बाजूंचे बळ सारखे नसते. त्यामुळे काही शिल्लक उरते. मॅग्नेटाइट नावाचे काळे खनिज या वर्गातले आहे, आणि ते पाहायला दूर जायला नको. अंधेरीच्या पश्चिमेला इमारतींच्या गर्दीतून वर डोके काढणारी गिल्बर्ट टेकडी ही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची आहे. दख्खनच्या काळ्या कातळात या जातीच्या खनिजाचे बारीक कण विखुरलेले असतात. लाव्हा थंड होताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची त्या वेळची दिशा या कणांत गोठून राहिली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सी. राधाकृष्णमूर्ती, पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे आदी संशोधकांनी १९५० च्या दशकापासून दख्खनच्या कातळातली ही दिशा मोजली. त्या वेळी भारताची भूमी आजच्यापेक्षा पुष्कळ दक्षिणेला होती, याचा पुरावा अशा मोजमापांतूनच मिळाला.

चौथी तऱ्हा सर्वांत नाजूक. तिथे शेजारी विरुद्ध दिशांना पाहतात, दोघांचे बळही सारखेच, पण दोघेही किंचित एका बाजूला कललेले असतात. पूर्ण विरोधात सारे जिरून जाते, आणि त्या कलामुळे मात्र थोडे चुंबकत्व उरते. याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे गेरू. तुळशीवृंदावनाला किंवा रांगोळीखालच्या जमिनीला आपण जो तांबडा गेरू लावतो, त्यातले हेमॅटाइट हे असे कललेले चुंबक आहे. त्याचा कल एका अंशाहूनही कमी असतो. हा कल येतो कुठून, याचा उलगडा रशियाचे झ्यालोशिन्स्की यांनी १९५८ च्या सुमारास केला आणि १९६० साली जपानचे मोरिया यांनी त्याची अणुपातळीवरील कारणमीमांसा दिली. थोडक्यात सांगायचे तर, दोन शेजाऱ्यांच्या मधोमध उभे राहून पाहिले असता दोन्हीकडची मांडणी अगदी उलटसुलट जुळणारी नसेल, तर त्यांना नेमके समोरासमोर राहता येत नाही. इमारतच जरा तिरपी असेल, तर माणसेही तिरपीच उभी राहणार!

कुपीतला गुलाबी पदार्थ

ताईच्या कुपीतले मँगनीज फॉस्फॉनेट या चौथ्या घराण्यातले आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमधील पीटर डे आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ साली एक ते चार कार्बनांच्या दांड्या असलेली चार मँगनीज फॉस्फॉनेटे तपासली. चारही पदार्थ सुमारे १५ केल्व्हिनच्या खाली, म्हणजे उणे २५८ अंश सेल्सिअसच्या आसपास, दुबळे चुंबक झाले. इटलीत कार्लो बेल्लित्तो यांनी मँगनीजच्या जागी लोह घातले, तेव्हा हे तापमान २५ केल्व्हिनपर्यंत वर चढले.

मँगनीजचे शेजारी विरुद्ध दिशांना का वळतात? दोघांच्या मध्ये ऑक्सिजन असतो आणि त्याच्याकडे इलेक्ट्रॉनांची एक जोडी असते. त्यातला एक पाहुणा म्हणून डावीकडच्या मँगनीजकडे डोकावतो. तिथल्या पाचही खोल्यांत आधीच एकेक बिऱ्हाडकरू आहे आणि सर्वांची दिशा एक आहे. एका खोलीत दोघांनी राहायचे तर तोंडे विरुद्ध हवीत, हा निसर्गाचा न मोडणारा नियम आहे. म्हणून डोकावणारा पाहुणा उलट्या दिशेचाच असावा लागतो. जोडीतला दुसरा अर्थातच त्याच्या विरुद्ध, आणि तो उजवीकडे डोकावतो. परिणामी उजवीकडचा मँगनीज डावीकडच्याच्या विरुद्ध वळतो. दोन मँगनीज एकमेकांशी थेट काही बोललेलेच नसतात. मधल्याने निरोप पोहोचवला, एवढेच.

हा निरोप ऑक्सिजनमार्फत जातो, म्हणून तो चटईच्या आत जोरात पोहोचतो. एका चटईतून दुसऱ्या चटईत जायला मात्र ऑक्सिजनची वाट नाही, मध्ये तेलकट साटा आहे. चाळीत एका गॅलरीवरच्या बिऱ्हाडांना एकमेकांची खडान्‌खडा माहिती असते, पण वरच्या मजल्यावर काय चालले आहे ते कधीमधीच कळते, तसे हे आहे.

दोन मितींचे कोडे

आता मी त्या मुद्द्याशी आले, ज्यासाठी माणसे यावर वर्षेच्या वर्षे घालवतात.

१९६६ साली मर्मिन आणि वॅग्नर या दोन शास्त्रज्ञांनी गणिताने एक धक्कादायक गोष्ट सिद्ध केली. सूक्ष्म चुंबक एकाच सपाट थरात असतील, प्रत्येकाला कोणत्याही दिशेला वळण्याची पूर्ण मोकळीक असेल आणि निरोप फक्त जवळपासच पोहोचत असेल, तर केवलशून्याच्या वर कितीही कमी तापमान असले तरी त्या थरात दूरवरची शिस्त टिकू शकत नाही. उष्णतेची जराशी चुळबुळही ती मोडायला पुरते. याच्या उलट, लार्स ऑन्सागर यांनी १९४४ साली दाखवून दिले होते की सूक्ष्म चुंबकांना ‘वर’ किंवा ‘खाली’ एवढ्या दोनच दिशा मोकळ्या असतील, तर एका थरातही शिस्त नांदू शकते.

म्हणजे कागदावर दोन उत्तरे होती. खऱ्या पदार्थात काय होते? हे पाहायला असा पदार्थ हवा की ज्यात थर एकमेकांपासून हवे तितके दूर नेता येतील आणि तरी थराची वीण बदलणार नाही. वाचकांच्या लक्षात आलेच असेल की आपला चिरोटा नेमका असाच आहे.

दांड्या लांबवत नेल्या. थर दूर दूर गेले. शिस्त लागण्याचे तापमान मात्र १५ केल्व्हिनच्या आसपासच राहिले. अमेरिकेतील फ्लॉरिडा विद्यापीठात डॅनिएल टॅलहॅम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली याहून पुढची मजल मारली. पावसाळ्यात रस्त्यावरच्या डबक्यावर तेलाचा रंगीत तवंग पसरतो ना, तसा त्यांनी अठरा कार्बनांच्या फॉस्फॉनिक आम्लाचा एका रेणूच्या जाडीचा तवंग पाण्यावर पसरला. काचेवर त्याचे पापुद्रे उचलून त्यांत मँगनीजचे एकेरी थर बसवले. या थरांमधले अंतर इतके मोठे की एकाला दुसऱ्याचा पत्ता लागू नये. तरीही सुमारे १३.५ केल्व्हिनला त्यांत शिस्त लागली. याचा अर्थ असा की चुंबकत्व थराच्या आतूनच येते, वरच्या-खालच्या मजल्यांची त्याला फारशी गरज नाही. मर्मिन-वॅग्नरचे गणित चुकले असे मात्र नव्हे. खऱ्या स्फटिकात सूक्ष्म चुंबकांना ‘पूर्ण मोकळीक’ नसते. आसपासच्या अणूंच्या मांडणीमुळे एक दिशा इतर दिशांपेक्षा किंचित सोयीची ठरते. तेवढा किंचित पक्षपात शिस्त टिकवायला पुरेसा होतो.

पुढे २०१७ साली क्रोमियम आयोडाइडच्या एका पापुद्र्यात, एका रेणूच्या जाडीत, सुमारे ४५ केल्व्हिनपर्यंत चुंबकत्व दिसले आणि सपाट चुंबकांचा विषय जगभर गाजला. पण एकेक थर वेगळा करून त्याला प्रश्न विचारण्याची रीत फॉस्फॉनेटांनी वीस वर्षे आधीच घालून दिली होती.

न दिसणारे पाहावे कसे?

अणू कुठे बसले आहेत ते क्ष-किरणांनी कळते. पण ते कोणत्या दिशेला तोंड करून बसले आहेत, हे क्ष-किरण सहसा सांगत नाहीत. त्यासाठी न्यूट्रॉन लागतो. त्याला विद्युत्‌भार नाही, पण तो स्वतः एक सूक्ष्म चुंबक आहे. पदार्थातून जाताना तो आतल्या चुंबकांची मांडणी टिपून बाहेर येतो. ‘बेरीज शून्य’ असलेली आतली कडक शिस्त प्रथम अशीच उघडकीला आली. अमेरिकेत क्लिफर्ड शल यांनी १९४९ साली मँगनीजच्याच ऑक्साइडवर न्यूट्रॉन सोडून ती दाखवली. त्यांच्या पदरी नोबेल पडले ते १९९४ साली, पंचेचाळीस वर्षांनी! संशोधनाचे फळ लगेच मागणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

न्यूट्रॉन मिळतात ते अणुभट्टीत. घाटकोपर-चेंबूरच्या पलीकडे तुर्भ्याला ४ ऑगस्ट १९५६ रोजी ‘अप्सरा’ ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली, पुढे सायरस आली आणि १९८५ साली ‘ध्रुव’. या भट्ट्यांच्या न्यूट्रॉनांवर चुंबकीय पदार्थांच्या अभ्यासाची एक परंपराच तुर्भ्याला उभी राहिली. विद्यापीठांतल्या संशोधकांनाही तेथे आपले नमुने तपासून घेता येतात. फॉस्फॉनेटांची एक अडचण मात्र आहे. त्यांच्या दांड्यांत हायड्रोजन भरपूर असतो आणि तो न्यूट्रॉनांना इतस्ततः उधळून लावतो. चित्र स्पष्ट हवे असेल तर साध्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन घालून तोच पदार्थ नव्याने बनवावा लागतो. महिनोन्‌महिने खर्ची पडतात ते अशा कामात.

पवईचा एकांडा

हा सारा शेजाऱ्यांचा महिमा झाला. पण शेजारीच नसले तर? एकटा अणू चुंबक होऊ शकेल का?

याचे एक उत्तर आमच्या उपनगरातच सापडले. पवईच्या तलावाकाठी १९५८ साली स्थापन झालेल्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्रा. रामस्वामी मुरुगवेल यांचा गट धातूंची फॉस्फेटे व फॉस्फॉनेटे यांवर दीर्घकाळ काम करीत आला आहे. याच संस्थेतील प्रा. गोपालन राजारामन हे चुंबकत्वाचे गणित करणारे शास्त्रज्ञ. या दोघांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१६ साली डिस्प्रोशियम या धातूचा असा रेणू जाहीर केला की ज्यात चुंबकत्व एकाच अणूच्या ठायी असते. या अणूच्या डोक्यावर एक आणि पायाशी एक असे स्फुरदयुक्त दोन रेणू असतात, तेही आपल्या फॉस्फॉनेटचे जवळचे नातलग. कमरेभोवती पाण्याचे पाच रेणू कडे करून उभे असतात. वरून-खालून घट्ट पकड आणि बाजूने सैल, अशा या बंदोबस्तामुळे अणूचे चुंबकत्व वर किंवा खाली याच दिशांना राहते. सुमारे १२ केल्व्हिनपर्यंत, म्हणजे उणे २६१ अंशांपर्यंत, ते आपली दिशा धरून ठेवते. अशा जातीचे बरेच रेणू हवा लागताच बिघडतात, हा हवेत टिकतो, हे त्याचे आणखी एक वैशिष्ट्य.

हा रेणू थरांचा नाही, पण त्याची शिकवण तीच आहे. तिथेही चुंबकत्व ठरले ते भोवतालच्या मांडणीने. मँगनीज ही काही दुर्मीळ चीज नव्हे. आपल्याच भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून ते टनावारी निघते. तोच अणू एका मांडणीत मुका राहतो, दुसऱ्या मांडणीत बोलू लागतो. अणू बदलावा लागत नाही. शेजारी किती अंतरावर आहे, मधला निरोप्या किती वाकला आहे आणि दोघांना कलायला जागा आहे की नाही, यावर सारे ठरते.

उपयोग काय?

आता घरातल्या प्रश्नाकडे येते. उगाच मोठमोठी आश्वासने देणे मला प्रशस्त वाटत नाही. थरांच्या फॉस्फॉनेटचा चुंबक पंख्यात बसणार नाही, लोकलच्या मोटारीत तर नाहीच. ज्या थंडीत तो जागा होतो ती थंडी निर्माण करायला द्रवरूप हेलियम लागतो, आणि तो फार महाग असतो. एका अणूत माहितीचा एक कण साठवण्याची स्वप्ने शास्त्रज्ञ पाहतात खरी, पण उणे २६१ अंशांवर चालणारे यंत्र कोणी खिशात घालून फिरणार नाही.

तरीही माझे स्वतःचे उत्तर बनले आहे. गेरूतला कल समजला म्हणून कोणाच्या वृंदावनाचा रंग अधिक तांबडा झाला नाही. पण त्या समजुतीतून जो नियम हाती आला, तो आज नव्या चुंबकीय पदार्थांची आखणी करणाऱ्यांना रोज लागतो. फॉस्फॉनेटांनी सांगितले की थर वेगळे केले तरी चुंबकत्व थरात राहते. हे उत्तर एकदा मिळाले की पुन्हा कोणाला शोधावे लागत नाही. ताईच्या चार वर्षांतले बरेचसे दिवस ‘असे केले तर होत नाही’ हे ठरवण्यात गेले. त्या नोंदींवरून पुढची एखादी विद्यार्थिनी आपला रस्ता निवडील. आपण इतिहास शिकतो, भाषाशास्त्र शिकतो, जुन्या पोथीतला एखादा पाठ नक्की करायला कोणी उभे आयुष्य वेचले तर त्याला नावाजतो. तिथे आपण ‘टाचणी उचलते का?’ असे विचारत नाही. मग रसायनशास्त्रालाच तो सवाल का?

आईला हे सारे पटले असे मी म्हणणार नाही. नोकरीचा प्रश्न नोकरीनेच सुटतो, आणि त्याबाबतीत तिचे बोलणे खरे आहे. मात्र परवा तिने ताईला विचारले, “मधला तो ऑक्सिजन वाकला नाही, सरळ राहिला, तर काय होईल गं?” ताई म्हणाली, “विरोध आणखी जोरदार होईल असा माझा अंदाज आहे. त्यासाठी दुसरी दांडी लावून पाहत्येय.” त्या नव्या पदार्थाचे स्फटिक अजून पडायचे आहेत. भांडे सध्या भट्टीत आहे.